फलाटावरचा मुक्काम : प्रश्न हद्दीचा की निवाऱ्याचा?

जनगणनेच्या पुस्तकात ‘बेघर’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. जनगणनेच्या दृष्टीने ‘घर’ ठरते अशा जागेत न राहणारे, म्हणजे रस्त्याच्या कडेला, पदपथावर, ह्यूम पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या किंवा मंडपाच्या उघड्या आवारात अथवा रेल्वेच्या फलाटावर राहणारे लोक म्हणजे बेघर. सरकारी व्याख्या सहसा रूक्ष असतात. ही मात्र कोणीतरी रात्री शहरातून फेरी मारून आल्यावर लिहिल्यासारखी वाटते. रेल्वे फलाट हा शासनाच्या लेखी काही हजार नागरिकांचा वस्तीचा पत्ता आहे, हे या व्याख्येतच मान्य झालेले आहे. रेल्वेच्या कायद्याला मात्र ते मान्य नाही, आणि फलाटावर झोपणाऱ्या माणसाच्या सगळ्या अडचणी या दोन कागदांमधल्या फटीत सुरू होतात.

या व्याख्येनुसार २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभर मोजणी झाली. देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक बेघर आढळले. त्यांपैकी शहरांमधले ९ लाख ३८ हजार होते. २००१ मध्ये शहरांमधला हाच आकडा ७ लाख ७८ हजार होता. बृहन्मुंबईतील संख्या ५७ हजारांच्या आसपास भरली. हा आकडा फारच कमी असल्याचे या क्षेत्रातील संस्थांनी वारंवार सांगितले आणि त्यात तथ्य आहे. ज्याला दहा वाजता एका ठिकाणाहून उठवले जाते आणि जो एक वाजता दुसऱ्याच ठिकाणी पथारी टाकतो, तो एका रात्रीच्या मोजणीत हमखास सापडेलच असे नाही. २०२१ मध्ये व्हायची जनगणना लांबली आणि आता ती २०२७ साठी जाहीर झाली आहे. तोपर्यंत महापालिकांचे नियोजन या जुन्या आकड्यावरच चालणार.

मुळात माणसे स्थानकाचाच आसरा का घेतात? याचे उत्तर स्थानकाच्या सोयींत आहे. तेथे दिवा असतो, पाण्याचा नळ असतो, स्वच्छतागृह असते आणि मुख्य म्हणजे छप्पर असते. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात पदपथ आणि फलाट यांतला फरक काय, हे सांगायला नको. एकट्या बाईला तर दिवे आणि वर्दळ हेच संरक्षण. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहाटेची पहिली सुटण्यापूर्वी उपनगरी फलाट काही तास निजतात. परंतु लांब पल्ल्याच्या गाड्यांची मोठी स्थानके रात्रभर जागी असतात, आणि तेथे गाडीची वाट पाहत आडवा झालेला प्रवासी आणि जाण्याजोगे ठिकाणच नसलेला माणूस यांत वरवर पाहता काहीच फरक दिसत नाही. बेघर माणसाला स्थानकात मिळणारी सर्वांत मोठी सवलत बहुधा हीच असावी.

दुसरे कारण कामाचे. भारतातील शहरी बेघरांपैकी बहुसंख्य कष्टकरी आहेत, हे विसरून या प्रश्नावर बोलले जाते. दादरच्या फुलबाजारात किंवा मशीद बंदरच्या गोदामांत ओझी वाहणाऱ्याला पहाटेच हजर राहावे लागते. लग्नसराईत वाढप्याचे काम करणारा मध्यरात्री मोकळा होतो. नाक्यावर उभा राहून रोजगार शोधणाऱ्याला नाक्याजवळच राहणे भाग असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात नेमके हेच नोंदवले होते : माणसे पदपथावर राहतात कारण त्यांचे काम जवळ असते, आणि तेथून त्यांना हटवणे म्हणजे त्यांची उपजीविका हिरावून घेणे होय. त्याच निकालाने योग्य नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला होता, हेही सांगितले पाहिजे. पुढे प्रत्येक पक्षाने आपल्याला हवा तो अर्धा निकाल वापरला.

फलाटावर आणखीही माणसे असतात. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी परप्रांतातून आलेले कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक, घरातून निघून आलेली मुले, मुलांनी सांभाळायचे सोडून दिलेले वृद्ध, मनोरुग्ण, व्यसनात अडकलेले. या सगळ्यांना ‘भिकारी’ आणि ‘गर्दुल्ले’ या दोन शब्दांत बसवण्याची आपल्याला सवय झाली आहे. प्रत्येकाची गरज निराळी असल्यामुळे एकच उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. एखाद्याला आठवडाभराची खोली मिळाली की पुरते, तर एखाद्याला महिनोन्महिने औषधोपचार आणि कोणाची तरी सोबत लागते.

चार यंत्रणा, एक माणूस

मुंबईतील एखाद्या उपनगरी स्थानकात झोपलेल्या माणसावर किती यंत्रणांचा अधिकार चालतो, हे पाहण्यासारखे आहे. स्थानकाची मालमत्ता आणि प्रवासी यांच्या रक्षणासाठी रेल्वे सुरक्षा दल असते, ते केंद्राचे. स्थानकातील गुन्ह्यांचा तपास लोहमार्ग पोलीस करतात, ते राज्याचे. स्थानकाची पायरी उतरली की पदपथ महापालिकेचा आणि पोलीस ठाणे शहराचे. भिक्षेकरी म्हणून ताब्यात घेतले तर ज्या गृहात पाठवायचे, ते पुन्हा राज्याच्या महिला व बालविकास खात्याचे. निवारा केंद्र चालवण्याची जबाबदारी महापालिकेची, पण स्थानकातील जमिनीवर तिचा हक्क नाही. जमीन रेल्वेची, पण निवारा हे रेल्वेचे काम नाही. म्हणजे फलाटावरून माणूस उठवण्याचा अधिकार अनेकांना आहे. उठवल्यावर त्याने कोठे जायचे हे सांगण्याचे बंधन मात्र कोणावरच नाही.

कायदेही याच पठडीतले. रेल्वे कायदा, १९८९ चे कलम १४७ रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे किंवा सांगूनही तेथून न जाणे हा गुन्हा ठरवते. कलम १४४ गाडीत व स्थानकात भीक मागण्यास मनाई करते. या कलमातील भीक मागण्याबद्दलची कैदेची तरतूद २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढली. मनाई तशीच राहिली.

स्थानकाबाहेर लागू होणारा १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा याहून कठोर आहे. त्याचे मूळ नाव ‘मुंबई भीक प्रतिबंधक कायदा’. महाराष्ट्राने घडवलेला हा नमुना पुढे अनेक राज्यांनी व दिल्लीनेही स्वीकारला. त्यातील व्याख्येनुसार हात पसरणे आवश्यकच नाही. उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी वावरणे किंवा थांबून राहणे एवढे पुरते. दिवसभर हमाली करून रात्री मळक्या कपड्यांत आडवा झालेला माणूस या वर्णनात अगदी अलगद बसतो. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि वारंवार सापडल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता, अशी या कायद्याची रचना. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातील बहुतेक दंडात्मक कलमे घटनाबाह्य ठरवली. भीक मागणे हा दारिद्र्याचा परिणाम आहे आणि लोकांना किमान गरजा पुरवू न शकणारे शासन त्याच कारणासाठी त्यांना शिक्षा देऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवण्याचा आदेश देण्यास नकार दिला. ज्या राज्यात हा कायदा जन्माला आला, तेथे दिल्लीचा निकाल अर्थातच बंधनकारक नव्हता.

एका वयोगटाबाबत मात्र रेल्वेने अगदी वेगळी वाट धरली आहे. फलाटावर एकटे मूल दिसले तर त्याच्यावर विनापरवाना प्रवेशाची कारवाई होत नाही. बाल न्याय कायद्यानुसार त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. त्यासाठी रेल्वेची ठरलेली कार्यपद्धती आहे, मोठ्या स्थानकांत मदतकक्ष आहेत, रेल्वे सुरक्षा दलाची ‘नन्हे फरिश्ते’ मोहीम आहे आणि १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला होता. या व्यवस्थेत त्रुटी पुष्कळ असतील. पण ‘या माणसाला कोणाच्या तरी हवाली करायचे आहे’ हे तत्त्व तीत पक्के आहे. तेच मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच फलाटावर, त्याच बाकाशेजारी सापडले, तर तो घुसखोर ठरतो. एका वाढदिवसाने एवढा फरक का पडावा, याचे उत्तर कोणत्याही नियमपुस्तिकेत नाही.

प्रवाशाची बाजू

या विषयावर लिहिताना प्रवाशाला निष्ठुर ठरवून मोकळे होणे सोपे असते. ते रास्त नाही. कोविडपूर्व काळात मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून रोज सुमारे ७५ लाख प्रवासी ये-जा करीत. एवढ्या गर्दीत पुलाची प्रत्येक फूट रुंदी मोलाची असते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेल्यानंतर हे वेगळे सांगण्याची गरज उरली नाही. पादचारी पुलावर किंवा जिन्यात कोणी झोपू नये, ही मागणी सुरक्षिततेची आहे. रात्री उशिराच्या गाडीने एकट्या परतणाऱ्या महिलेला नशेतील टोळक्याची भीती वाटते, तीही खरी. पास काढून प्रवास करणाऱ्याला स्वच्छ स्थानक मागण्याचा अधिकार आहे. रेल्वे कर्मचाऱ्यांचे म्हणणेही चुकीचे नाही : त्यांचे काम गाड्या चालवण्याचे आहे, समाजकल्याणाचे नाही.

पण याच निकषावर मोहिमांचे फलित तपासले तर हाती काय येते? मोहीम निघते, फलाट रिकामा होतो, छायाचित्रे येतात. उठवलेले लोक स्थानकाबाहेरच्या पदपथावर, उड्डाणपुलाखाली किंवा पुढच्या स्थानकात जातात आणि थोड्या दिवसांनी परततात. मधल्या काळात ज्याची वळकटी जप्त झाली, तिच्यात आधार कार्ड होते, औषधाची चिठ्ठी होती, एखाद्या ठेकेदाराचा क्रमांक होता. म्हणजे मोहिमेआधी जो माणूस एक-दोन कागदांच्या बळावर बाहेर पडू शकला असता, तो मोहिमेनंतर आणखी अडकतो. मधोमध लोखंडी हात बसवलेली बाके, पुलाखाली लावलेल्या जाळ्या, कठड्यांवरचे खिळे हेही याच जातीचे उपाय. २०१८ मध्ये फोर्टमधील एका बँकेच्या शाखेबाहेर लोकांनी बसू-झोपू नये म्हणून टोकदार खिळे बसवले गेले होते. टीका झाल्यावर ते काढावे लागले. बाकांचे लोखंडी हात मात्र कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या वृद्ध प्रवाशालाही त्यांवर आडवे होता येत नाही, ते सोडाच.

मग निवारा केंद्रे कशासाठी आहेत, असा प्रश्न येथे येतो. डिसेंबर २००९ मध्ये ऐन थंडीत दिल्लीच्या पुसा रोडवरील एक तात्पुरता रात्रनिवारा महापालिकेने पाडला. त्यानंतर प्रकरण न्यायालयात गेले आणि अन्नाच्या अधिकाराच्या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारे एक निवारा केंद्र असावे, असे आदेश दिले. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांसाठीची योजना आली. तिच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा, पाणी, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवण्याची जागा असे बरेच काही आहे. आणि निवारा केंद्रे रेल्वे स्थानके, बस आगारे, बाजारपेठा अशा बेघरांच्या राहण्याच्या व कामाच्या ठिकाणांजवळ असावीत, असेही स्पष्टपणे म्हटले आहे. २०११ ची बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. हिशेब करायला कॅल्क्युलेटर लागत नाही : सव्वाशेच्या घरात केंद्रे हवीत. मुंबई या संख्येच्या जवळपासही कधी पोहोचली नाही. कामाच्या या गतीमुळेच सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली.

आहेत त्या केंद्रांत तरी सगळे का जात नाहीत? यावर ‘त्यांनाच रस्त्यावर राहायचे असते’ असे उत्तर ठरलेले आहे. परंतु फुलबाजारातील हमालाला सहा-सात मैलांवरचे केंद्र निरुपयोगी आहे. पहाटे तेथून निघायला त्याला गाडीच मिळणार नाही. केंद्र पुरुषांचे असेल तर बायको-मुलांचे काय? ओळखपत्र मागितले जात असेल तर ज्याचे सगळे हरवले तोच बाहेर राहतो. चोरीची भीती, मारामारीची भीती, दारू प्यायलेल्याला मज्जाव, अशी इतरही कारणे आहेत. सुरक्षित वाटत नसेल तर माणूस छपराखाली जाण्यापेक्षा दिव्याखाली झोपणे पसंत करतो.

न्यूयॉर्क, पॅरिस आणि फिलाडेल्फिया

हा पेच फक्त आपला नाही. न्यूयॉर्कमध्ये निवाऱ्याचा अधिकार कायदेशीर आहे. १९७९ मध्ये दाखल झालेल्या कॅलहन विरुद्ध कॅरी या खटल्यातून १९८१ मध्ये तो आला. तरीही चोवीस तास धावणाऱ्या तेथील भुयारी रेल्वेत शेकडो लोक रात्र काढतात, कारण मोठ्या सामायिक निवाऱ्यांची त्यांना भीती वाटते. मे २०२० मध्ये कोविडच्या काळात ही रेल्वे रात्री एक ते पाच बंद ठेवण्यात आली आणि शेवटच्या स्थानकांवर लोकांना उतरवले जाऊ लागले. वर्षभराने, मे २०२१ मध्ये, रात्रसेवा पूर्ववत झाली आणि प्रश्नही पूर्ववत दिसू लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये पोलीस व समाजसेवकांची संयुक्त पथके आणि शेवटच्या स्थानकावर सक्तीने उतरवण्याचा नवा आराखडा आला. मे २०२३ मध्ये डब्यात आरडाओरड करणाऱ्या एका बेघर तरुणाचा, सहप्रवाशाने गळ्याभोवती हात आवळून धरल्यामुळे, मृत्यू झाला. डिसेंबर २०२४ मध्ये तो प्रवासी निर्दोष सुटला. त्या तरुणाच्या मानसिक आजाराची यंत्रणेला बरीच आधी माहिती होती. गंमत अशी, की तेथेही रेल्वे चालवणारे प्राधिकरण राज्याचे आणि निवारे शहराचे. हद्दीचा वाद सातासमुद्रापारही तोच.

पॅरिसच्या मेट्रो कंपनीने थोडा वेगळा विचार केला. फ्रान्समध्ये भटकेपणा हा १९९४ पर्यंत गुन्हा होता. तो गुन्ह्यांच्या यादीतून वगळला गेल्यावर मेट्रोतून माणसे उचलण्याचा जुना मार्गच बंद झाला. तेव्हा, त्याच वर्षी, कंपनीने आपल्याच कर्मचाऱ्यांचे एक पथक उभे केले. हे लोक फलाटांवर फिरतात, बोलतात आणि जो तयार असेल त्याला बसमधून निवारा केंद्रात नेऊन सोडतात. वापरात नसलेल्या सँ-मार्तँ या भुयारी स्थानकाच्या एका भागात साल्व्हेशन आर्मीचे दिवसाचे केंद्रही चालवले गेले. यातून पॅरिसच्या मेट्रोतील बेघर संपले असे मुळीच नाही. पण ‘हे आमचे काम नाही’ हे वाक्य एका वाहतूक कंपनीने बाजूला ठेवले, याची नोंद घेतली पाहिजे.

सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे आहे. तेथील सबर्बन स्टेशन या गजबजलेल्या भुयारी स्थानकात वाहतूक प्राधिकरणाने सुमारे ११ हजार चौरस फूट जागा दिली आणि प्रोजेक्ट होम या संस्थेने २०१८ मध्ये तेथे ‘हब ऑफ होप’ हे कायमस्वरूपी केंद्र उघडले. अंघोळीची सोय, कपडे धुण्याची यंत्रे, कॉफी, दवाखाना आणि घर मिळवून देण्याच्या खटपटीत मदत करणारे कार्यकर्ते असे सगळे एका ठिकाणी. रात्री झोपण्याची जागा ही नव्हे; ती शोधण्याची सुरुवात येथून होते. फलाटावर बसलेल्या माणसाला सुरक्षा रक्षकाने ‘येथून ऊठ’ म्हणण्याऐवजी ‘त्या दारात जा’ म्हणायचे, तर ते दार पन्नास पावलांवर असावे लागते.

हार्बरच्या रुळांलगत घडलेली गोष्ट

परदेशी उदाहरणे दिली की ‘आपल्याकडे हे चालायचे नाही’ असे म्हटले जाते. मुंबईने मात्र हद्दीचा हाच वाद एकदा सोडवून दाखवला आहे. हार्बर आणि अन्य उपनगरी मार्गांच्या रुळांना खेटून हजारो झोपड्या उभ्या होत्या. त्यांच्यामुळे गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागे. रेल्वे म्हणे, पुनर्वसन राज्याचे काम. राज्य म्हणे, जमीन रेल्वेची. फेब्रुवारी २००० मध्ये रेल्वेने हार्बर मार्गालगतच्या सुमारे दोन हजार झोपड्या पाडल्या आणि त्यावरून मोठे आंदोलन झाले. मात्र मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी जागतिक बँकेचे कर्ज हवे होते आणि पुनर्वसन ही त्याची अट होती. त्यामुळे रेल्वे, राज्य सरकार आणि ‘स्पार्क’सारखी संस्था व झोपडीवासीयांचे महासंघ एका टेबलाशी बसले. वस्त्यांची मोजणी स्वतः रहिवाशांनी केली, आणि दोन-अडीच वर्षांत सुमारे ६० हजार माणसे रुळांपासून हलवली गेली.

या प्रयोगाला काळी बाजूही आहे. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून बांधल्या गेल्या, की खालच्या मजल्यांवर ऊनवारा पोहोचत नाही. तेथील क्षयरोगाच्या प्रादुर्भावाकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. घर मिळाले पण काम दूर गेले, अशी तक्रारही जुनीच. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली : रेल्वेला गरज असेल, पैसा असेल आणि कोणी तरी एकत्र बसायला भाग पाडले, तर केंद्र आणि राज्याच्या हद्दीचा अडसर दूर होतो.

फलाटावरचा माणूस त्या योजनेत कोठेच नव्हता, कारण त्याच्याकडे पाडण्याजोगी झोपडीसुद्धा नव्हती. आपली सारी पुनर्वसन धोरणे बांधकाम मोजतात. अमुक तारखेपूर्वीची झोपडी असेल तर संरक्षण, नसेल तर काही नाही. सर्वांत गरीब माणूस असा आपोआप यादीबाहेर राहतो. निवडणूक आयोगाची रीत येथे उजवी म्हणावी लागेल. बेघर व्यक्तीने मतदार नोंदणीचा अर्ज केला, तर निवासाचा कागद मागितला जात नाही. संबंधित अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन ती व्यक्ती खरोखरच तेथे झोपते का, हे एकाहून अधिक वेळा पाहायचे असते. एवढे शिधापत्रिकेसाठी आणि आधारसाठी का करू नये?

आणखी एक गोष्ट आपल्या स्मरणातून गेली आहे. गिरण्यांच्या काळात कोकणातून किंवा घाटावरून आलेला कामगार फलाटावर पडून राहत नसे. त्याच्यासाठी गिरणगावात गावकीची खोली होती. भिंतीला लागून ट्रंका, दिवसपाळीवाले रात्री झोपत, रातपाळीवाले दिवसा. जेवायला खानावळवाली बाई. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे राहत, हे काही सुखाचे जिणे नव्हते, आणि त्याचा गोडवा गाण्याचे कारण नाही. पण हमालाच्या मजुरीतून परवडेल असा एक बिछाना शहराच्या मध्यभागी मिळत होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले आणि हा बिछाना शहरातून नाहीसा झाला. त्याची जागा कशानेही भरून निघाली नाही. महिन्याला माफक भाडे देऊ शकणाऱ्या कामगाराला धर्मादाय निवाऱ्याची गरज नसते. त्याला कुलूप लावता येईल अशी पेटी आणि पाठ टेकायला जागा हवी असते. अशी कामगार वसतिगृहे बांधली, तर फलाटावरील गर्दीतला मोठा भाग पोलिसांच्या काठीशिवाय कमी होईल.

रुग्णांच्या बाबतीत तर महाराष्ट्राला धडे देण्याची गरजच नसावी. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या त्या माणसे जेथे येऊन उतरतात तेथे. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करुग्णांच्या कुटुंबांना आसरा देते. जागेची ही निवड सरकारी निवाऱ्यांनी गिरवली असती तरी बरेच काम झाले असते.

उरतात ते मानसिक आजार आणि व्यसन यांनी पछाडलेले लोक. प्रवाशांना भीती वाटते ती बहुतांशी यांचीच, आणि निवारा केंद्रेही त्यांनाच दार लावतात. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका संस्थेने ‘आधी घर’ ही पद्धत सुरू केली : व्यसन सोडल्यावर घर देण्याऐवजी आधी घर द्यायचे आणि मग उपचार. फिनलंडने २००८ पासून ती राष्ट्रीय धोरण म्हणून राबवली आणि तेथील बेघरांची संख्या लक्षणीय घटली. मुंबईच्या घरांच्या किमती पाहता हे जसेच्या तसे आणणे कठीण आहे. पण स्थानकात फिरणाऱ्या पथकात पोलिसाबरोबर मानसोपचाराचे प्रशिक्षण असलेला एक कार्यकर्ता असणे आणि सरकारी रुग्णालयात अशा रुग्णांसाठी काही खाटा राखून ठेवणे, हे आवाक्याबाहेरचे नाही.

यासाठी जागा कोठून आणायची, हा प्रश्न दरवेळी शेवटी येतो आणि तेथेच चर्चा थांबते. सध्या अमृत भारत स्थानक योजनेखाली देशातील १,३०० हून अधिक स्थानकांच्या पुनर्विकासाचा कार्यक्रम चालू आहे. स्थानकांच्या आराखड्यांत दुकाने, वाहनतळ, उपाहारगृहे, प्रतीक्षालये यांना चौरस फूट नेमून दिले जातात. माणशी पन्नास चौरस फुटांच्या निकषाने शंभर माणसांच्या निवाऱ्याला पाच हजार चौरस फूट लागतात. नुसता मदतकक्ष, अंघोळीची सोय आणि कुलूपबंद पेट्या एवढेच करायचे तर त्याहून पुष्कळ कमी. ही ओळ त्या तक्त्यात घालायची तर महापालिकेने रेल्वेकडे जागा मागितली पाहिजे, केंद्र चालवण्याचा खर्च उचलण्याची तयारी लेखी दिली पाहिजे आणि रेल्वेने नाममात्र भाड्याने ती द्यायला हवी. नव्या इमारतींचे नकाशे मंजूर होण्यापूर्वी हा पत्रव्यवहार व्हावा लागेल.